ताडोबात वाघाचा माग कानांनी काढावा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत मार्गदर्शकाकडे जिप्सी सतत पळवण्याचा आग्रह धरू नये. पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून त्याला शांतपणे ऐकू द्यावे, कारण वाघाची पहिली वर्दी बहुधा कानांनाच मिळते आणि सहप्रवाशांच्या गप्पा (छायाचित्रांवरच्या चर्चेसह) ती हमखास बुडवतात. चितळ आणि वानर दोघेही धोक्याचा इशारा देतात, परंतु चितळ पुष्कळदा उगाचच बिचकते. सांबराचा खणखणीत, पुन्हापुन्हा येणारा आवाज मात्र अधिक भरवशाचा मानला जातो. ऊन सोसत असेल तर एप्रिल-मे निवडावा, कारण त्या काळात पाणी आटल्याने प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. मंगळवारी गाभा क्षेत्र, म्हणजे प्रकल्पाचा आतला मुख्य भाग, बंद असते, हे आरक्षणापूर्वी पाहावे.