घरच्या वापरासाठी कार बॅटरी चार्जर घेताय? या चुका टाळा

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक ऐकू येतं. आईला मागच्या सीटवर बसवून, सकाळी साडेसहाला, दवाखान्याची वेळ गाठायची असताना मी हा आवाज ऐकला आणि त्याच संध्याकाळी चार्जर घेऊन आलो. जुन्या बाजारातला. लोखंडी पेटी, वर काट्याचा मीटर, उचलताना खांदा भरून यावा इतकी जड. रात्री लावला आणि निवांत झोपलो. सकाळी पार्किंगमध्ये सडक्या अंड्यांचा वास, बॅटरीच्या बाजू फुगलेल्या, हात लावला तर चटका. काटा अजूनही तीन अँपिअर दाखवत होता. बॅटरी केव्हाच भरली होती, पण ते ओळखून हात आखडता घ्यायची सोय त्या पेटीत नव्हतीच.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी एवढंच बघायला सांगतो: बॅटरी भरल्यावर हा चार्जर काय करतो? बाकी सगळं त्याच्यानंतर.

दुखणं न बघता औषध आणणं

चार्जरच्या आधी मल्टिमीटर घ्या. काहीशे रुपयांत साधा मिळतो. गाडी बंद करून चार-पाच तास जाऊ द्या आणि मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की उतरली समजा. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर जाऊ नका.

आता गाडी चालू करून परत मोजा. साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर घ्या. चार्जर आणून काही उपयोग नाही, आठवड्यानं परत तेच. (नव्या काही गाड्यांत बॅटरी भरलेली असली की संगणकच अल्टरनेटरला आवरतो, तेव्हा एकदा हेडलाइट लावूनही बघा.) आणि टर्मिनलवर तो पांढरा-हिरवा बुरा जमला असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून आधी तो घासून काढा. निम्म्या ‘डेड’ बॅटऱ्या इथेच जिवंत होतात असं आमचे मेकॅनिक म्हणतात. निम्म्या नसतील, पण माझ्याकडे एकदा झाली आहे.

बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाचीच खबर देतो. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकून राहिला तर एक सेल गेला. अशा बॅटरीला कितीही महागडा चार्जर लावा, पाणी पालथ्या घड्यावर.

गाडी उभी असताना कोण वीज खातंय हेही बघून घ्या. गाडीचं घड्याळ, लॉक, संगणक मिळून ३० मिलिअँपिअर घेत असले तर महिन्याला २१-२२ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) गेलेच. ३५ एएचच्या बॅटरीला हा मोठा घास आहे. त्यात डॅशकॅम किंवा ट्रॅकर थेट बॅटरीला जोडलेला असेल तर पंधरा दिवसही पुरे.

‘जास्त अँपिअर म्हणजे चांगला’ हा हिशेब

ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि दुकानदारही तिला खतपाणी घालतात. ‘साहेब, वीस अँपिअरचा घ्या, तासाभरात बॅटरी फुल्ल.’ छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ एएचच्या घरातली, डिझेल गाडीची ६० ते ७० ची. रूढ नियम सोपा आहे: एएचच्या दहाव्या भागाएवढे अँपिअर. म्हणजे ३५ ला साडेतीन-चार, ६० ला सहा. वीस अँपिअर ३५ च्या बॅटरीत कोंबले तर ती तापते, आतलं पाणी उकळल्यासारखं वायू होऊन निघून जातं आणि प्लेटा वाकतात.

उलट एक अँपिअरचा चिमुकला चार्जर घेतला तर निम्मी उतरलेली ३५ ची बॅटरी भरायला अख्खा दिवस लागेल. तो भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला ठीक. घरात एकच चार्जर ठेवायचा तर चार-पाच अँपिअरचा घ्या. निम्मी उतरलेली हॅचबॅक सहा ते आठ तासांत होते, डिझेल गाडीला रात्र आणि वर सकाळ. आपल्याला घाई कुठे असते? गाडी तशीही रात्रभर उभीच असते.

आता आकड्यामागची खरी गोष्ट. चांगला चार्जर आधी ठरलेला करंट देत राहतो, व्होल्टेज चढत चढत १४.४ च्या आसपास आलं की तिथे ते धरून ठेवतो आणि करंट आपोआप कमी होऊ देतो. करंट अगदी थोडा उरला की व्होल्टेज १३.६ च्या जवळपास उतरवतो आणि नुसता पहारा देत बसतो. खोक्यावर ‘ऑटो कट’ लिहिलेलं असतं त्यावर भागवू नका. माहितीपत्रकात हे दोन व्होल्टेज छापलेले आहेत का ते शोधा. जो कंपनीवाला व्होल्टेज छापत नाही, त्याचा चार्जर मी घेत नाही. घरी आणल्यावरही पहिल्या चार्जिंगला मल्टिमीटर लावून एकदा पडताळा. साध्या बॅटरीवर आकडा १५ च्या पुढे पळाला तर त्याच दिवशी परत करा.

बटणं दिसली म्हणून दाबणं

बाहेरून आलेल्या बऱ्याच चार्जरवर हिमकणाचं चिन्ह असतं. ते थंडीसाठी आहे, आणि त्यात व्होल्टेज १४.७ पर्यंत जातं. जळगावात मे महिन्यात ४४ अंशांत हे बटण दाबणं म्हणजे तापलेल्या तव्याखालचा गॅस मोठा करणं. उन्हाळ्यात उलट व्होल्टेज कमी लागतं. पारा चाळिशीपार गेला की १४.४ ऐवजी १४ च्या आसपास पुरे. काही चार्जर तापमान बघून हे स्वतःच करतात. विदर्भ-खानदेशात राहत असाल तर त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही, नाहीतर चार्जिंग रात्री उशिरा लावा.

गोंधळ असा की तेच हिमकणाचं बटण बऱ्याचदा एजीएम बॅटरीसाठीही (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली) असतं. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचा दणकट प्रकार) बॅटरी येते. बॅटरीवर काय छापलंय ते वाचा, चार्जरचं पत्रक वाचा आणि मगच बटण. ‘रिपेअर’ मोड गाडीला जोडलेल्या बॅटरीवर कधीच वापरू नका. त्यात व्होल्टेज पंधराच्याही वर जाऊ शकतं आणि गाडीतला इलेक्ट्रॉनिक माल त्यासाठी बनलेला नसतो. एजीएमला तर तो मोड अजिबात नको. लिथियमचा मोड साध्या बॅटरीला चालत नाही.

इन्व्हर्टर आणि लॅपटॉपचे जुगाड

घरच्या इन्व्हर्टरला कारची बॅटरी लावून चार्ज करणारे प्रत्येक सोसायटीत एक तरी आहेत. इन्व्हर्टरमधला चार्जर दीडशे एएचच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीला पोसायला केलेला; दहा-पंधरा अँपिअर सहज देतो. लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा. दोन्ही नको, विषय संपला.

जोडायचा क्रम

सॉकेटचं बटण बंद. आधी लाल चिमटा प्लसला. मग काळा चिमटा गाडीच्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून जरा लांब. शेवटी बटण चालू. काढताना बरोबर उलट: बटण, काळा, लाल. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेतो. शेवटची ठिणगी बॅटरीपासून दूर पडावी, एवढ्यासाठीच हा क्रम आहे. नव्या गाड्यांत मायनसच्या टर्मिनलवर बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजणारा सेन्सर असतो. काळा चिमटा बॉडीला लावला की त्याचा हिशेबही चुकत नाही.

पार्किंगमध्ये सॉकेट नसेल तर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरी वर आणा. आधी काळी वायर सोडवा, मग लाल. हॅचबॅकची बॅटरी दहा किलोच्या आसपास असते. गॅलरीत, प्लॅस्टिकच्या घमेल्यात ठेवा. ॲसिडचा थेंब पडला तर फरशीवर डाग कायमचा. स्वयंपाकघर आणि समई तेवत असलेलं देवघर, दोन्हींपासून लांब. सॉकेट असून सेक्रेटरी कुरकुरत असतील तर त्यांना सांगा, चार अँपिअरचा चार्जर रात्रभरात एक युनिटसुद्धा घेत नाही.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर आधी बघा, प्लेटा पाण्याखाली आहेत ना. उघड्या असतील तर झाकण्यापुरतंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंत चार्जिंग झाल्यावर भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. आरओचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच.

लावला, पण काहीच होत नाही

नवा स्मार्ट चार्जर अगदीच उतरलेली बॅटरी ओळखत नाही. व्होल्टेज फार खाली गेलं की त्याला वाटतं इथे बॅटरीच नाही. चार्जर खराब नसतो. काही चार्जरमध्ये अशा वेळेसाठी वेगळा मोड असतो. नसेल तर बॅटरीच्या दुकानात तासभर लावून आणा, मग घरचा तिला ओळखेल.

दहा मिनिटांत हिरवा दिवा लागला तर खूश होऊ नका. फार दिवस उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि बॅटरी लवकर भरल्याचं सोंग करते. गाडीचे हेडलाइट पाच मिनिटं लावून व्होल्टेज बघा, ते झपाट्यानं घसरलं तर सोंग उघडं पडतं. आणि दोन दिवस झाले तरी दिवा हिरवा होतच नसेल, बॅटरी एका बाजूला कोमट लागत असेल, तर चार्जर काढा. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर नवीच घ्या आणि जुनी भंगारात न घालता त्याच दुकानात द्या. नवीच्या किमतीतून तिचे पैसे वजा करून मिळतात.