कोंबड्यांकडून परसबाग उकरून घ्यायची असेल तर

आधीच सांगतो, कोंबडी कुठं उकरेल हे आपल्या हातात नसतं, आपल्या हातात फक्त जाळी आणि तारीख, म्हणजे कुठं कोंडायच्या आणि कधी बाहेर काढायच्या. पहिल्या वर्षी हे डोक्यात नव्हतं, खुशाल मोकळ्या सोडल्या, तर मी दाखवलेला वाफा राहिला बाजूला आणि आईने आदल्या दिवशी लावलेली मिरचीची सगळी रोपं सकाळच्या चहापर्यंत मुळं वर करून पडलेली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आमचं घर चिपळूणकडं, तांबडी माती, उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. पावसाळी भाजी मृगाला लावायची, म्हणजे 7-8 जूनला, तर कोंबड्या एप्रिलच्या शेवटीच वाफ्यावर न्यायच्या. एवढं लवकर कशाला, तर कोंबडखत गरम असतं. विष्ठेत युरिक अॅसिड असतं, ते कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं करपतात, त्यामुळे उकरणं झाल्यावर चार-पाच आठवडे वाफा नुसता पडू द्यायचा.

पिंजरा साधाच. 8 फूट बाय 4 फूट, उंची 3 फूट, बांबूची किंवा पीव्हीसी पाईपची चौकट, वरून आणि बाजूने कोंबडीजाळी, खाली काही नाही. बाहेरच्या देशात ह्यालाच चिकन ट्रॅक्टर म्हणतात. अर्ध्या भागावर झाप किंवा गोणपाट टाका, सावली हवीच, उन्हात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली की उकरणं बंद. पाण्याचं भांडं जड घ्या नाहीतर पाच मिनिटांत उलटं. एवढ्या जागेत चार-पाच गावरान कोंबड्या पुष्कळ. गिरिराज-वनराज ह्या सुधारित जाती पण चालतात, पण आमच्याकडं तरी गावठी जास्त खटपटी निघाल्या. ब्रॉयलरच्या नादाला लागू नका, ते खाणार आणि बसणार.

सकाळी लगेच पिंजऱ्यात टाकू नका, अंडं घालून होऊ दे, दहा-साडेदहाला न्या, आणि संध्याकाळी परत खुराड्यात. रात्री बाहेर ठेवल्या तर रानमांजर नाहीतर कोल्हा, आणि मुंगूस तर दिवसाढवळ्या पण येतो, म्हणून जाळीच्या कडेला चिरे लावून ठेवायचे.

आता खरी गंमत. कोरड्या कडक मातीवर कोंबडी दोन मिनिटं पाय मारते आणि सोडून देते, म्हणून आदल्या संध्याकाळी वाफ्यावर पाणी मारायचं, सकाळी वर पालापाचोळा पसरायचा आणि त्यात मूठभर कणी किंवा बाजरी भिरकावायची. मग बघत बसा. उजव्या पायाने दोन फटकारे, डाव्याने एक, मग झटकन एक पाऊल मागे आणि मान वाकडी करून एका डोळ्याने बघणार काय निघालं ते, परत तेच. किडे, अळ्या, हुमणी, गवताचं बी, सगळं पोटात, आणि मागून खत पडत राहतं. आमच्या आजीची एक युक्ती पण करून बघा, जुन्या मडक्यात ओलं शेण आणि गवत भरून वाळवीच्या जागेवर रात्रभर उपडं घालायचं, सकाळी वाळवीने भरलेलं मडकं कोंबड्यांपुढं झटकायचं.

दहा-बारा दिवस झाले की पिंजरा पुढच्या वाफ्यावर सरकवा. जास्त ठेवल्या तर किडे संपल्यावर गांडुळांवर येतात आणि माती पायाने थापली जाते. आणि एक भ्रम नको, कोंबडी दोन-तीन इंचच उकरते. हरळीच्या काड्या वर येतात पण लव्हाळ्याची गाठ खोल असते, ती कुदळीनेच काढावी लागते, तिथं कोंबडी काही करू शकत नाही. वाफा मोकळा झाला की वरून पाचोळ्याचा जाड थर, आठवड्यातून एकदा पाणी, बास.

निम्मं खत तर रात्री खुराड्यातच पडतं, ते वाया घालवू नका. खाली भाताचं तूस आणि सुका पाला टाकून ठेवायचा, आत गेल्यावर नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं की समजायचं नत्र हवेत चाललंय, अजून सुकं टाका. ते खरवडून एक घमेलं खताला दोन-तीन घमेली पाला असा ढीग करायचा, ओलसर ठेवायचा, आठवड्याला पलटायचा, दोनेक महिन्यांत वास जातो आणि हाताला गार लागतो, मग वापरा. तूस लवकर कुजत नाही, तसंच दिसतं, त्याने काही बिघडत नाही, उलट आमची माती जरा भुसभुशीत राहते. सुकं खत झाडताना तोंडाला फडकं बांधा, नंतर हात साबणाने धुवा.

रोपं लागली की कोंबड्या बाहेर, लाल माठाचं कोवळं रोप त्यांना भारी आवडतं. नारळाच्या, केळीच्या आळ्यात मात्र सोडा, बुंध्याजवळ चार दगड रचले की पुरे.

पाऊस लागला की उकरायचं काम पण बंद. ओल्या जागेत कोंडल्या तर रक्ती हगवण लागते, पिल्लं तर पटापट जातात, आणि मातीचा चिखल होतो तो वेगळाच. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस आधीच देऊन ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

ह्या वाफ्यात जूनला भेंडी, पडवळ, दोडका असं शिजवून खायचं लावायचं. मुळा, गाजर, कोथिंबीर आपण कच्ची पण खातो, त्यासाठी ताजी विष्ठा पडल्यापासून निदान चार महिने जाऊ द्यायचे, म्हणजे मेमध्ये उकरलेला वाफा ऑक्टोबरमध्ये मुळ्याला बरोबर बसतो.