रोलप्लेइंग गेम चालवताना नव्या खेळाडूंच्या अपेक्षा कशा सांभाळाव्यात

मालवण-वेंगुर्ल्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा टेबलावरचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, चालवायचा असेल, तर नवे खेळाडू मोबाइलवरच्या गेमची कल्पना मनात धरून येतील, हे गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याने, गृहीत धरावे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या खेळात मोबाइलसारखा स्क्रीन नसतो, एकाने जिंकून दुसऱ्याने हरण्याचा प्रश्न नसतो. म्हणून पहिला फासा टाकण्याआधी तासभर केवळ बोलण्यासाठी राखून ठेवावा.

प्रथम कोणाला लढाया हव्यात, कोणाला कोडी आणि कोणाला नुसती भटकंती, हे विचारून घ्यावे. त्यानंतर अभिनयाची भीती घालवावी. दशावतारात कथानक ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावरच रचत जातात, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र तसे बोलता आलेच पाहिजे, असा समज होऊ देऊ नये. ‘माझे पात्र नाखव्याकडे होडी मागते’ एवढे म्हटले तरी खेळ पुढे सरकतो.

सर्वांत जास्त वेळ पात्राच्या ताकदीवर द्यावा, कारण पहिल्याच दिवशी एकट्याने आरमार बुडवण्याची हौस बहुतेकांना असते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीवरच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, साधारण सहा ते नऊ असतात आणि आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र त्याला पाचव्या पातळीवर मिळतो. वीस बाजूंच्या फाशाचा हिशेबही करून दाखवावा: लक्ष्य पंधराचे असेल आणि फाशावरच्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे पाच मिळवायचे असतील, तर दहा किंवा त्याहून अधिक पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. चांगले पात्रही जवळजवळ निम्म्या वेळा फसते, हे आधी कळलेला खेळाडू सहसा फाशावर रुसत नाही. पात्र मरू शकते का, हेही तेव्हाच ठरवावे.

नकोसे विषय मात्र एकेकाला वेगळे गाठून विचारावेत. ज्या घरातला माणूस दर्याने नेला, तिथल्या खेळाडूला वादळात बुडणारी होडी ही करमणूक वाटेलच असे नाही.

वेळेचेही स्पष्ट सांगावे. एक बैठक तीन-चार तास चालते आणि त्यात एखादी लढाईच तासभर खाते. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने माणसे मिळतात, पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात जातात आणि पाठोपाठ गणपती येतात. त्यामुळे पहिली कथा दोन-तीन बैठकांत संपेल अशीच आखावी आणि लांबलचक मोहिमेचा विषय दिवाळीनंतर काढावा.