भाजल्याची जखम भरली, पण खाज, ओढ आणि भीती गेली नाही? मग हे करा

डिस्चार्ज मिळाला की वाटतं सुटलो एकदाचे. माझ्या आईचा हात आणि मान भाजली होती, जखमा भरल्या आणि खरा त्रास तिथून सुरू झाला, रात्री दोन-दोन वाजता उठून व्रण खाजवत बसायची आणि घरातले म्हणायचे, अगं आता तर बरं झालंय ना! व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी दोनसुद्धा.

आधी खाजेचं बघा. खोल भाजलेल्या कातडीत तेलाच्या ग्रंथी उरत नाहीत, म्हणून ती कोरडी पडून खाजते. कोमट पाण्याने अंघोळ, अंग टिपलं की लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून तीन-चार वेळा, बोटाने दाबत गोल गोल (उघड्या जखमेवर नाही हं). नखं बारीक कापा, खाज आली की तळव्याने थोपटा नाहीतर गार ओला रुमाल ठेवा. तरी झोप उडत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर गोळ्या आहेत, पण मनाने आणून घेऊ नका.

मग ओढ, म्हणजे व्रण आखडून कातडी खेचली जाणं. हात दुमडून, मान खाली घालून बसलं की बरं वाटतं, पण व्रण तसाच आखडतो आणि मग ऑपरेशनशिवाय सुटत नाही. मान पुढून भाजली असेल तर उशी बंद. फिजिओथेरपिस्टने दाखवलेला ताण रोज द्या, व्रण पांढरट दिसेपर्यंत, सावकाश. प्रेशर गारमेंट (व्रण दाबून धरणारा घट्ट कपडा) दिलं असेल तर ते अंघोळ सोडून जवळजवळ दिवसभर घालायचं असतं, मे महिन्यात जीव नकोसा होतो, म्हणून दोन जोड शिवून घ्या. नवी कातडी लावलेल्या जागी घाम येत नाही, दुपारचं ऊन टाळाच, एरवी सनस्क्रीन.

आणि मनाचं, जे कुणी विचारतच नाही. लायटरची टक्‌ ऐकली की आईचा हात थरथरायचा. आम्ही घाई केली नाही, आठवडाभर ती नुसती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, मग मी गॅस पेटवायचे आणि ती चहा ढवळायची, मग एक दिवस तिनेच पेटवला. ‘चेहरा वाचला हे नशीब’ असलं काही बोलू नका, माणूस अजूनच गप्प होतं. वाईट स्वप्नं, चिडचिड, आरशाकडे न बघणं महिनाभरानंतरही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं बोलायला लागले तर महिना बघू नका, त्याच दिवशी.

जुन्या व्रणावर नवं फोड-चिरा पडून काही आठवडे भरतच नसेल तर तेही दाखवून घ्या, भाजून कितीही वर्षं झालेली असोत, क्वचित त्यात कॅन्सर निघतो.