कान ठणकतोय? कोणते थेंब घालायचे, ते असे ठरवा

पावसात विहिरी, तळी तुडुंब भरली की कोकणात पोहणाऱ्या पोरांचे कान ठणकायला लागतात. कानाच्या नळीत राहिलेले पाणी दमट हवेत सुकत नाही, कातडी मऊ पडते आणि जंतू शिरतात. बहुतेकदा स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस.

आधी दुखणे कुठले ते पाहा. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर किंवा पाळी हलवल्यावर कळ आली, तर ते बहुधा बाहेरच्या नळीचेच. सर्दी-तापानंतर आतून दुखत असेल, तर पडद्यामागचे असू शकते आणि त्याचा उपचार वेगळा.

मग डॉक्टरांना कान दाखवा आणि दोन गोष्टी विचाराच: पडदा शाबूत आहे ना? बुरशी दिसतेय का?

पडदा शाबूत असेल तर 2 टक्के ॲसेटिक ॲसिड, निओमायसिन-पॉलिमिक्सिन-हायड्रोकॉर्टिसोन (दोन अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड) किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, यातल्या कशानेही बहुतेक कान बरे होतात. बाटली महाग म्हणून गुण जास्त, असे नाही. ॲसेटिक ॲसिड सौम्य दुखण्यात चांगले, पण झोंबते, आणि दुखणे आठवड्यापुढे लांबले की मागे पडते. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी सूज आणि ठणका लवकर उतरतो. निओमायसिनची काहींना ॲलर्जी असते. पडद्याला भोक असेल तर निओमायसिनचे थेंब घालूच नका, ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. तिथे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन.

ठणक्यापेक्षा खाज जास्त आणि आत भिजल्या कागदासारखा पांढरा-काळा थर असेल, तर बुरशी समजा. आपल्या दमट हवेत ती बरीच आढळते. अँटिबायोटिक थेंबांनी ती उलट फोफावते; डॉक्टरांकडून कान साफ करून क्लोट्रिमाझोल घालावे लागते.

घालताना बाटली मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपा, पाळी वर आणि मागे ओढून थेंब सोडा, तो उंचवटा हलकेच दाबत राहा आणि 3 ते 5 मिनिटे तसेच पडून राहा. नळी सुजून बंद झाली असेल तर डॉक्टर आत वात बसवतात, थेंब तिच्यातून झिरपतात. दुखणे थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा, साधारण 7. ठणक्यावर पॅरासिटामॉल चालते. लसूण घालून कढवलेले खोबरेल मात्र कोणी कितीही मायेने करून दिले तरी नको, आणि काडी, किल्ली तर नकोच.

मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. इतरांनी 2-3 दिवसांत उतार पडला नाही किंवा सूज कानाबाहेर पसरली, तर थांबू नये.