बाईला कमी लेखणारं बोलणं कसं मोडायचं

युवक मंडळ, स्त्रीशक्ती संघ किंवा गल्लीतल्या पंचांनी हे काम हाती घेतलं, तर सुरुवात भाषणानं करू नये. भाषणाला सगळे माना डोलावतात आणि दारात चपला घालताना परत तेच बोलतात. आधी आठवडाभर वहीत नुसती नोंद ठेवा: कोणता शब्द, कुठं, कुणाला उद्देशून. बोलणाऱ्याचं नाव लिहू नका, नाहीतर भांडण वहीवरूनच पेटतं.

आईबहिणीवरच्या शिव्या आणि ‘बांगड्या भरल्यास काय?’ लगेच सापडतील. कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कानडीही रोज कानावर पडते, म्हणून ‘रांडे’सोबत कानडीतलं ‘मुंडे’ही लिहा. दोन्ही शब्द मुळात विधवेसाठीचे. नवरा गेलेली बाई तिथंच बसलेली असते आणि तिच्या दुःखाची शिवी दुसऱ्याच्या तोंडावर फेकली जाते. ‘परक्याचं धन’, ‘ती काय, घरीच असते’ असलं बोलणं मात्र कान देऊन ऐकावं लागतं, कारण ते कुणाला शिवी वाटतच नाही.

बदल कागदापासून करा. लग्नपत्रिका छापखान्यात जाण्याआधी वाचा. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ काढून सगळ्या बायकांना सरसकट ‘श्रीमती’ लावा. एकटीलाच लावलं, तर लोक तिला विधवा समजतात आणि भेद तसाच राहतो. हळदीकुंकवाच्या निमंत्रणात ‘सुवासिनींनी’ नको, ‘सर्व महिलांनी’ लिहा. आजीबाई अडून बसल्या, तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं उदाहरण द्या: तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला.

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी ‘मेंबर’ अशी हाक नवऱ्यालाच जाते. सभेच्या वहीत ‘अमक्यांच्या मिसेस’ लिहू देऊ नका. तिचं नाव लिहा, आणि प्रत्येक विषयावर अध्यक्षांनी नाव घेऊन तिचं मत विचारावं.

तोंडी टोकायचं काम पुरुषांनी घ्यावं. बाईनं टोकलं की ‘हिलाच का लागलं?’ म्हणून विषय तिच्यावर उलटतो. वयानं मोठ्या माणसाला हळूच म्हणा, ‘मामा, भांडण त्याच्याशी हाय, त्याच्या आईला कशाला मधी आणताय?’ माणूस रागानं पेटलेला असेल, तर तेव्हा थांबा, दुसऱ्या दिवशी बोला. ‘चेष्टा केली’ म्हणाला, तर वाद घालू नका, फक्त हसू नका. हशा मिळाला नाही की चेष्टा फार दिवस टिकत नाही.

एखादीला गाठून घाणेरडं बोललं जात असेल, तर समजावण्यात वेळ घालवू नका. महिलेच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनं शब्द उच्चारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीत शब्द जसेच्या तसे लिहा, सोबत तारीख, वेळ, जागा आणि ऐकणाऱ्यांची नावं. लाजेपोटी नुसतं ‘अश्लील बोलला’ लिहिलं, तर तक्रार तिथंच ढिली पडते. तक्रार करायची की नाही हे त्या बाईनं ठरवावं. मंडळानं तिच्यासोबत ठाण्यात जावं.