बुल एल्क अगदी जवळ आला: मारायचा की सोडायचा, हे कसं ठरवायचं

एल्क, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, त्याच्या हंटिंगचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की बुल (नर) २० यार्डांवर आला म्हणजे काम झालंच. नाही हो. लांबचा बुल सोपा असतो. तो ३०० यार्डांवर निवांत चरतोय, तुम्ही दुर्बिणीतून फाटे मोजताय, सोबतच्याला विचारताय, मोजणी चुकली तर परत मोजताय. तोच १५ यार्डांवर फांद्या मोडत, ब्यूगल करत, म्हणजे माजावरची आरोळी देत, येतो तेव्हा तुमच्या हातात असतात तीन-चार सेकंद, हात थरथरतात, आणि शिंगांकडे बघायचं की छातीकडे हेच सुचत नाही.

मी लिहितोय ते अमेरिकेतल्या कोलोराडोबद्दल, मुख्यतः सप्टेंबरच्या आर्चरी (धनुष्यबाणाच्या) सीझनबद्दल, रायफलचं वेगळं आहे तिथे तसं सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे आपल्या मंडळींना घरात कुणी शिकवणारं नसतं, आणि मग जो भेटेल त्याचं ऐकलं जातं. बो (धनुष्य) चालवता येतो, ३० यार्डांवर बाण एका पेपर प्लेटमध्ये बसतात, डोंगरात चालायचा सराव आहे, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते करा.

१. कागदपत्रं

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशन कार्ड लागतं, म्हणजे तुम्हाला लागणारच. युनिट (शिकारीचा ठरवलेला भाग), तारखा, शिंगांची अट हे सगळं कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या त्याच वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, ग्रुपवर कुणीतरी टाकलेला जुना फोटो बघून ठरवू नका. वर्क व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे, तेव्हा मित्राच्या रायफलला हात लावायच्या आधी ते नीट समजून घ्या.

२. कॅम्पमध्येच ठरवा

कुठला बुल मारणार हे बुल समोर आल्यावर ठरत नाही. आदल्या रात्री ठरवायचं, सोबतच्यासमोर मोठ्याने बोलून. पहिलाच एल्क असेल तर माझं मत एकच: कायदेशीर असलेला कुठलाही बुल. मासिकातल्या ३५० इंची (शिंगांची सगळी मापं मिळून) बुलचा फोटो डोक्यात घेऊन गेलात तर समोरचा चांगला पाच फाट्यांचा बुल हलका वाटतो, तो निघून गेल्यावर आठवडाभर हळहळ, आणि मग शेवटच्या दिवशी घाईत भलताच शॉट. शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणारे दोन क्लब आहेत: बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या नोंदीत यायला नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांना ३७५ इंच लागतात, पोप अँड यंगला २६०. हे आकडे माहीत असावेत, पण झाडीत बसल्यावर विसरावेत. खाण्याच्या दृष्टीनेही तरुण बुल चांगला, माजावर आलेल्या मोठ्या बुलचं मांस जास्त चिवट असतं.

दुसरं म्हणजे जागा आणि वेळ. मोठा बुल साधारण ७०० पौंडांचा, हाडं काढून २०० पौंडांच्या वर मांस निघतं, ते सगळं पाठीवरून आणायचंय. कायद्याने चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतले टेंडरलॉइन आणावेच लागतात, फक्त शिंगं घेऊन येणं हा गुन्हा आहे. गाडीपासून पाच मैल आत, खोल दरीत, एकटे, सप्टेंबरची उष्ण संध्याकाळ, असं असेल तर कितीही सुंदर बुल येऊ दे, सोडा. "मारू तर दे, मग बघू" म्हणणाऱ्याने मांस काळं पडताना बघितलेलं नसतं.

३. बसायची जागा

झुडपाच्या मागे बसू नका, पुढे बसा. मागे बसलं की लपल्यासारखं वाटतं पण बाण सोडायला जागाच राहत नाही. झुडूप पाठीशी असलं की तुमचा आकार त्यात मिसळतो आणि पुढचं मोकळं राहतं, न हललात तर बुलला दिसत नाही. कॉल करणारा, म्हणजे एल्कचा आवाज काढून बुलला बोलावणारा सोबती, तुमच्या मागे ३०-४० यार्ड, कारण बुल आवाजाकडे जातो आणि तुमच्या बाजूने जाताना बरगड्या दाखवतो. स्वतःच कॉल केलात तर तो सरळ तुमच्या अंगावर येतो, छाती पुढे करून, आणि हा सगळ्यात वाईट अँगल. बुल बहुतेकदा शेवटी फिरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायला बघतो, म्हणून तुम्ही कॉलरच्या थेट पुढे न बसता त्या अंगाला थोडं सरकून बसा. सकाळी गारव्यात हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर. बसल्या बसल्या दोन-चार झाडांची अंतरं रेंजफाइंडरने मोजून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

४. एल्कच आहे ना, आणि कायदेशीर आहे ना

हसू नका, दरवर्षी कोलोराडोत कुणीतरी एल्क समजून मूस (हरणाचीच दुसरी मोठी जात) मारतं. १९७८ मध्ये नॉर्थ पार्कमध्ये मूस आणून सोडले, आता बऱ्याच ठिकाणी पसरलेत. मूस काळपट, नाक लोंबतं, मोठ्या नराची शिंगं पंजासारखी पसरट. एल्कचं अंग फिकट तपकिरी, मान गडद, ढुंगणावर पिवळसर पांढरा पट्टा.

मग शिंगं. कोलोराडोच्या बऱ्याच युनिट्समध्ये अट अशी की एका शिंगाला निदान चार पॉइंट हवेत, नाहीतर ब्राउ टाइन, म्हणजे कपाळावरून पुढे येणारा पहिला फाटा, निदान ५ इंच हवा. इंचभर लांब आणि बुडाच्या रुंदीपेक्षा जास्त लांब असेल तो पॉइंट धरतात. एल्कचा कान साधारण ८-९ इंचांचा असतो, त्यामुळे ब्राउ टाइन कानाच्या अर्ध्याहून स्पष्ट लांब दिसला तर ठीक. "बहुतेक असेल" वाटलं तर तो नाही. स्पाइक, म्हणजे दीड वर्षाचा नुसत्या दोन काठ्यांचा बुल, या अटीत बसत नाही.

झटपट मोजायची युक्ती: पुढून मागे मोजत बसू नका. शिंगाच्या मध्यावरून वर जाणारा सगळ्यात लांब फाटा शोधा, तो चौथा. त्याच्या मागे शिंग दोन टोकांत फुटलेलं दिसलं तर सहा पॉइंटचा बुल, एकच टोक सरळ मागे गेलेलं असेल तर पाचचा. खालचे तीन मोठ्या बुलला बहुतेक असतातच. दोन सेकंदांत होतं.

५. लहान की मोठा

फाटे कमी-जास्त असू शकतात, अंग खोटं बोलत नाही. अडीच-तीन वर्षांचा रॅगहॉर्न शिंगांनी बारीक, पायांनी उंच, मानेने सडपातळ. मोठा बुल पोळ्याच्या मिरवणुकीत पुढे असतो त्या बैलासारखा: मान जाड, पोट उतरलेलं, चालीत घाई नाही. ब्यूगल करताना डोकं मागे टाकल्यावर शिंगांची टोकं पार ढुंगणापर्यंत गेली तर शिंग ५० इंचांच्या आसपास आहे, आणखी काही बघू नका. आवाजावरून मात्र ठरवू नका, भसाड्या घोगऱ्या आवाजाचे लहान बुल आणि शिट्टीसारख्या आवाजाचे मोठे बुल दोन्ही असतात.

६. आता खरं काम: शेवटचे २० यार्ड

इथे मीही सुरुवातीला बरंच अडखळलोय, म्हणून जरा विस्ताराने.

पहिला नियम, शिंगांकडे एकदाच बघायचं. कायदेशीर आहे, आपण ठरवलेल्यातला आहे, हो किंवा नाही. हो असेल तर त्यानंतर शिंगं जगात नाहीतच असं समजा. हे बोलायला सोपं, करायला अवघड, कारण समोरचा बुल डोकं हलवतो, झाडाला शिंगं घासतो, साल उडते, मुताचा आणि घामाचा उग्र वास येतो, आणि डोळा आपोआप वरच जातो. डोळा जिथे जातो तिथे बाण जातो, त्यामुळे जवळून सुटलेले बाण बऱ्याचदा उंच जातात, पाठीच्या कण्याच्या वरच्या मांसात. पुढचा पाय शोधा. पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, अंगाच्या खालून एक तृतीयांश उंचीवर एक केसांचा पुंजका, एखादा चिखलाचा ठिपका निवडा आणि त्यालाच बघत राहा. मानेची गडद आयाळ संपते ती कड धरून नेम घेऊ नका, सगळे नवखे तेच करतात, तो रंग डोळा ओढतो आणि बाण खांद्याच्या हाडात बसतो.

दुसरा नियम, अँगल मिळाला नाही तर शॉट नाही. आडवा उभा असेल, पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला असेल, उत्तम. तोंड पलीकडे आणि तिरपा असेल तर त्याहून बरं, पण तेव्हा अलीकडचा खांदा विसरा, पलीकडच्या पुढच्या पायातून बाण बाहेर निघेल असा विचार करून त्या रेषेत नेम धरा, तो बरगड्यांच्या बराच मागे येतो. तुमच्याकडे तोंड करून तिरपा असेल तर नाही. मागून तर नाहीच.

आणि समोरून? यावर भांडणं होतात. अनुभवी लोक १५ यार्डांच्या आतून, मान आणि छाती जिथे मिळते तिथे मारतात आणि बुल ४० यार्डांत पडतो, हे मी नाकारत नाही. पण ती जागा मुठीपेक्षा फार मोठी नाही, दोन्ही बाजूंना खांद्याची हाडं, खाली छातीचं हाड, आणि बुल सतत मान खालीवर करतोय. थोडं चुकलं की एकच फुप्फुस, किंवा खांद्यात अडकलेला बाण आणि मैलोन्मैल रक्ताचे तुरळक थेंब. माझं स्पष्ट म्हणणं, बोने समोरून मारू नका, ज्यांनी ते व्हिडिओत दाखवलंय त्यांनी न सापडलेले बुल दाखवलेले नाहीत. रायफलची गोष्ट वेगळी, योग्य कॅलिबरची चांगली गोळी त्या हाडांतून जाते, स्थिर आधार असेल तर चालतं.

मग समोर छाती करून उभा राहिलेल्या बुलचं काय करायचं? काही नाही. श्वास घ्या. तो एक मिनिट टक लावून उभा राहील, मांड्या भरून येतील, माशी नाकावर बसेल, हलायचं नाही. कधीतरी तो वळणारच, आणि वळतो तेव्हा बरगड्या दाखवूनच वळतो. मागचा कॉलर शहाणा असेल तर तो या क्षणी हळूच एक काऊ कॉल (मादीचा आवाज) देईल, तुम्ही मात्र गप्प.

बो कधी ओढायचा, हा तिसरा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त बुल पळतात. त्याचा डोळा झाडाच्या खोडामागे गेला की ओढा. पूर्ण डोकं नाही, डोळा. डोळा दिसतोय तोवर तुमचं हलणं त्याला दिसतं. पुढचं मोठं झाड कुठलं, त्याच्या पलीकडे तो कुठे बाहेर येणार, हे तो लांब असतानाच बघून ठेवा. लवकर ओढलात तर हात थरथरायला लागतो आणि मग माणूस थरथर थांबावी म्हणून बाण सोडून देतो. असं होतंय असं वाटलं तर सावकाश परत खाली आणा, बुल गेला तर गेला.

मोकळ्या फटीत तो चालत असेल तर तोंडानेच हलका "म्यूं" आवाज काढून थांबवा. तो थांबेल आणि थेट तुमच्याकडे बघेल, दोन-तीन सेकंद. बोवरची नेमाची पिन ठिपक्यावर असेल तर सोडा. नसेल तर शोधत बसू नका. मध्ये एक काडी जरी असली तरी नाही, उत्तेजित डोळ्याला पुढच्या बारीक फांद्या दिसतच नाहीत, म्हणून बुल यायच्या आधी त्या फटी रिकाम्या आहेत का हे बघून ठेवा. आणि मागे काय आहे? माजाच्या काळात बुलच्या पलीकडे काऊ उभी असणं नेहमीचं, बाण आरपार जातो, गोळी तर जातेच.

रायफलवाल्यांसाठी दोनच गोष्टी: झाडीत शिरताना स्कोप सगळ्यात कमी झूमवर, नाहीतर २० यार्डांवर नुसते केस दिसतात आणि कुठले ते कळत नाही. आणि कमरेच्या वर ५०० चौरस इंच फ्लोरोसंट ऑरेंज किंवा पिंक, शिवाय टोपी.

७. बाण सुटल्यावर

लगेच परत काऊ कॉल द्या, कधी कधी तो थांबतो. बुल कुठे उभा होता आणि शेवटचा कुठल्या झाडाजवळ दिसला, दोन्ही जागा लक्षात ठेवा, फोनवर फोटो काढा. मग घड्याळ लावून अर्धा तास बसा. बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, चला. काळपट लाल असेल तर यकृत, चार तास तरी. हिरवट आणि वास येत असेल तर पोट, निदान सहा ते आठ तास, जास्त बरे, आणि त्यात अंधार पडला तर सकाळी. सोबतचा म्हणेल चल जाऊन बघूया, त्याला बसवा, कारण उठवलेला पोटात लागलेला बुल पुढच्या डोंगरावर जातो आणि मग काहीच मिळत नाही.

सापडला की लगेच लायसन्सचा टॅग वेगळा करून सही-तारीख, नर असल्याचा पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवायचा, आणि कातडी पटापट काढायची, सप्टेंबरात मांस बिघडवणारी गोष्ट म्हणजे आतली उष्णता. मांड्या आधी हाडापर्यंत मोकळ्या करा, तिथेच सगळ्यात लवकर आंबतं, मग पिशव्यांत भरून सावलीत टांगा आणि पहिली खेप पाठीवर घ्या.